देसाईगंज ते मुनिरका

मुनिरका हे मूळचे टोकस जाटांचे गाव. दिल्ली दक्षिणेकडे पसरत गेली, शेते गेली आणि आउटर रिंग रोडच्या कडेला दाटीवाटीची चार-पाच मजली घरे उरली. शेजारी वसंत विहार, मागे जेएनयू. या घरांत भाड्याने राहणाऱ्यांत मुली पुष्कळ. कोणी मणिपूरहून आलेली, कोणी बिहारहून, कोणी वसतिगृहात जागा न मिळालेली. परक्या शहरात मुलीने एकटीने खोली घेऊन राहावे, रात्री कामावरून किंवा सिनेमाहून परतावे, ही आपल्या समाजात अजून ताजी गोष्ट आहे. 16 डिसेंबर 2012 च्या रात्री फिजिओथेरपी शिकलेली 23 वर्षांची एक मुलगी साकेतला सिनेमा पाहून मित्राबरोबर मुनिरक्याच्या थांब्यावर आली आणि द्वारकेकडे जाण्यासाठी एका खासगी बसमध्ये चढली. बसमध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 29 डिसेंबरला सिंगापूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला.

त्या रात्रीने देशाचा कायदा बदलला असे म्हणतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. त्या बदलाची तयारी शंभराहून अधिक वर्षे चालली होती, आणि तिचा मोठा भाग मराठी मुलखात झाला. कोर्टात जिच्याविषयी बोलले जाई ती बाई पुढे स्वतः बोलू लागली, मग कोर्टाला जाब विचारू लागली आणि शेवटी न्यायासनावर बसली.

रखमाबाईंपासून सुरुवात करावी लागते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीने नवऱ्याच्या घरी नांदायला जायचे नाकारले. 1884 मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, कोर्टात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी 1885 मध्ये तो फेटाळला. अपिलानंतर 4 मार्च 1887 रोजी न्या. फॅरन यांनी निकाल फिरवला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. 'केसरी' त्यांच्या विरोधात होता. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या नावाने बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिणाऱ्या त्याच होत्या. 1888 मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी सुरत-राजकोटात दवाखाने चालवले. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यामागे बंगालमधल्या फुलमणी दासी या बालवधूचा मृत्यू होता, तशीच रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेली चर्चाही होती. त्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. एवढ्याशा पावलासाठी केवढे रण माजले होते!

त्या काळी कोर्टात स्त्री पक्षकार म्हणून उभी राहू शके, वकील म्हणून नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकून आल्या, तरी स्त्रियांना वकिलीची वाट खुली करणारा कायदा व्हायला 1923 उजाडले.

यापुढच्या एका रात्रीपाशी मला जास्त थांबायचे आहे. 26 मार्च 1972. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातले, आता गडचिरोलीत असलेले देसाईगंज. मथुरा नावाची एक अल्पवयीन आदिवासी मुलगी एका तक्रारीच्या निमित्ताने घरच्यांबरोबर पोलीस ठाण्यात आली. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेण्यात आले. तिच्यावरच्या अत्याचाराबद्दल दोन पोलिसांवर खटला चालला. सेशन्स कोर्टाने 1974 मध्ये त्यांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केल्याचा पुरावा नाही, म्हणजे तिची संमती होती, अशी त्या निकालाची मांडणी होती.

निकाल कायद्याच्या ग्रंथांत छापला गेला आणि तिथेच राहिला असता. वर्षभराने, सप्टेंबर 1979 मध्ये, चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार, चौथ्या पुण्याच्या वसुधा धागमवार. त्यांचा मुद्दा आज साधा वाटतो, तेव्हा तो साधा नव्हता. भीतीने गप्प राहणे आणि राजी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलीस ठाण्याच्या बंद दारामागे, कायद्याचे रक्षकच समोर असताना, एका गरीब आदिवासी मुलीने कोणाला हाक मारायची? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला असा जाहीर जाब विचारण्याची तेव्हा रीत नव्हती. जाब विचारणाऱ्या चौघांत दोन स्त्रिया होत्या हे मला फार मोलाचे वाटते.

त्या पत्रावरून 1980 साली मुंबईत स्त्रिया संघटित झाल्या आणि 8 मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले. 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला; अशा खटल्यात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास ते कोर्टाने गृहीत धरावे अशी तरतूद आली; पीडितेचे नाव छापायलाही बंदी आली. मथुरेला यातल्या कशाचाच उपयोग झाला नाही. तिचे नाव तोवर सगळ्या देशाला माहीत झाले होते, आणि तिचे गुन्हेगार सुटलेलेच राहिले. तिच्या हालांवर पुढच्यांचे संरक्षण उभे आहे, याची आठवण महाराष्ट्राने ठेवायला हवी, तेवढी ठेवलेली नाही.

वसुधा धागमवार पुढे दिल्लीत आल्या आणि 'मार्ग' ही संस्था उभी करून आदिवासींना, गरीब स्त्रियांना कायदा समजेल अशा भाषेत पोचवत राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश सुजाता मनोहर सर्वोच्च न्यायालयात पोचल्या. राजस्थानातल्या भंवरीदेवींवरच्या अत्याचारानंतर आलेल्या 'विशाखा' खटल्याचा निकाल 13 ऑगस्ट 1997 रोजी लागला तेव्हा न्या. जे. एस. वर्मा आणि न्या. कृपाल यांच्याबरोबर त्या पीठावर होत्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध देशातले पहिले नियम त्या निकालाने घालून दिले. मुनिरक्याच्या शेजारी जेएनयूत दोनच वर्षांत त्या धर्तीवर समिती स्थापन झाली, आणि 2012 च्या डिसेंबरात रस्ता अडवायला त्याच आवारातली मुले-मुली पहिल्यांदा वसंत विहारच्या पोलीस ठाण्याकडे धावली.

त्यानंतर कायद्यात सुधारणा सुचवायला सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुन्हा न्या. वर्माच. सोबत गोपाल सुब्रमण्यम आणि देशातल्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश लीला सेठ. सुमारे 80,000 सूचना वाचून या तिघांनी महिन्याभरात, 23 जानेवारी 2013 रोजी, अहवाल दिला. त्यानंतर त्याच वर्षी बदललेल्या कायद्यात पाठलाग, चोरून पाहणे, अॅसिड फेकणे हे स्वतंत्र गुन्हे झाले. तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाही शिक्षा आली. आणि कायद्याच्या मजकुरातच लिहिले गेले की स्त्रीने अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही. 1978 चा देसाईगंजचा निकाल ज्या पायावर उभा होता तो पाया 35 वर्षांनी निघाला.

बाहेरच्या जगातही थोडे बदलले. 2018 मध्ये मुनिरक्याला मेट्रो आली. 29 ऑक्टोबर 2019 ला, भाऊबीजेच्या दिवशी, दिल्लीच्या सरकारी बसमध्ये स्त्रियांचा प्रवास मोफत झाला. रात्री घरी पोचायला खासगी बसची वाट पाहावी लागू नये, याला मी कोणत्याही कलमाइतकेच महत्त्व देतो.

वर्मा समितीची एक शिफारस मात्र सरकारने घेतली नाही. पत्नीच्या संमतीविना केलेल्या संबंधाला बलात्कारातून वगळणारा अपवाद काढून टाका, असे समितीने सांगितले होते. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे यावर मतभेद झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी अठरा वर्षांवरील पत्नीबाबतचा अपवाद तिच्यात कायम आहे. हिंदू विवाह कायद्यातले नवव्या क्रमांकाचे कलमही आहे, ज्याच्या आधारे नवरा आजही दादाजी भिकाजीसारखा नांदायला येण्याचा दावा लावू शकतो.