गाडी घेताना टायरवरचा आकडा वाचा



गणपतीच्या कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये गप्पा मारताना मी माझ्या टायरचे रडगाणे गायलो, तेव्हा दोघा-तिघांनी "हे अंकात लिहाच" असा आग्रह धरला. विषय आरोग्याचा नाही, पण पैशाचा नक्कीच आहे, आणि थोडाफार जिवाचाही.

गेल्या वर्षी वसंतात आम्ही विजेवर चालणारी, चार वर्षे वापरलेली गाडी घेतली. किंमत, बॅटरीची गॅरंटी, विम्याचा हप्ता, ट्यूफची तारीख, सगळे वहीत मांडून झाले होते. टायर मात्र "नक्षी शिल्लक दिसतेय" इतकेच पाहिले. होते ते समर टायर. विंटर टायर 'घेऊ सावकाश' या सदरात गेले. गाडीचे नाव इथे देत नाही. चूक माझी होती, गाडीची नव्हे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी मागचे चाक बसलेले दिसले. स्टेपनी नाहीच. (हा आपला लाडका शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे १९०४ पासून मोटारींची जादा चाके बनत. इथल्या कित्येक गाड्यांत आता चाकाऐवजी फेसाचा डबा असतो.) तो फेस भरून एश्बॉर्नमधल्याच एका टायरवाल्याकडे कसेबसे पोचलो. त्याने वाकून टायरवरचा आकडा वाचला, संगणकात घातला आणि मान हलवली. छिद्र नक्षीच्या अगदी कडेला, जिथून टायरची बाजू सुरू होते तिथे. तिथे पंक्चर काढता येत नाही. नवा टायर मागवावा लागेल, बारा दिवस तरी लागतील. आणि थंडी तोंडावर असताना समर टायर घेण्यात काय अर्थ? विंटर टायर पाहू गेलो तर या मापाचे बनवणाऱ्या कंपन्या दोनच, आणि दोन्हींचा माल डिसेंबरपर्यंत नाही.

दहा दिवसांनी आई-बाबा पुण्याहून येणार होते, आणि सौ.ला पहाटेच्या पाळीसाठी क्योनिगश्टाइनच्या चढाने जायचे असते. एश्बॉर्नला पाऊस असतो तेव्हा वर टाउनसमध्ये बर्फ असतो, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. एक स्नेही म्हणाले, "अरे, थोडा रुंद टायर बसतो त्या रिमवर. माझ्याकडे जुने चार पडलेत, घेऊन जा." मोह झाला. त्या मोहाबद्दल पुढे लिहितो.

आधी आकड्याविषयी. इथल्या मध्यम आकाराच्या गाड्यांवर सर्रास दिसणारे माप घ्या: २०५/५५ आर १६ ९१ व्ही. २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के. १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भाराचा अंक, एका टायरला ६१५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत. हे माप लाखो गाड्यांना लागते, म्हणून बहुतेक सगळ्या कंपन्या ते बनवतात आणि आपसात भावाची चढाओढ करतात. पण मोटार कंपनीने एखाद्याच मॉडेलसाठी वेगळे माप निवडले, तर त्याचे साचे करणे एकदोन टायर कंपन्यांनाच परवडते. मग भाव तेच ठरवणार.

याचे ठळक उदाहरण बीएमडब्ल्यूची आय३. ही गाडी २०१३ ते २०२२ या काळात लाइपझिगला बनत होती. वीज कमी लागावी म्हणून तिला उंच पण अरुंद चाके दिली, पुढचे माप १५५/७० आर १९. हा टायर ब्रिजस्टोनने तिच्यासाठीच तयार केला होता, आणि मालकांची भिस्त बराच काळ जवळजवळ त्या एकाच कंपनीवर राहिली. रेनॉच्या २०१६ च्या सेनिकला १९५/५५ आर २० असे माप होते. कुटुंबाच्या गाडीला एवढे मोठे चाक, तेही अरुंद! अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना २००५ ते २००७ ची होंडा ओडिसी टुरिंग आठवत असेल. तिला मिशेलिनचे पॅक्स टायर होते. हवा गेली तरी चालत, पण बदलायला खास यंत्र लागे, आणि ते प्रत्येक गॅरेजकडे नसे. हेतू प्रत्येक वेळी चांगलाच होता. बिल मात्र दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती पडते.

आपल्या गावाला हे जास्त लागू आहे. विजेच्या गाड्यांचे सरकारी अनुदान २०१६ पासून डिसेंबर २०२३ मध्ये बंद होईपर्यंत ज्या बाफा कार्यालयातून मिळत होते, ते एश्बॉर्नमध्येच आहे. त्या काळात घेतलेल्या गाड्या आता जुन्या बाजारात येत आहेत. बॅटरीमुळे त्या जड असतात आणि जोर एकदम चाकावर येतो, म्हणून टायर लवकर झिजतात. भाराचा अंकही चढा लागतो.

आता तो मोह. गाडीच्या कागदांत मंजूर नसलेले माप बसवले आणि त्याने धोका संभवत असला, तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच रद्द ठरू शकतो. ट्यूफवाला नापास करतो ते वेगळेच. अपघात झाला तर विमा कंपनी कागद काढून बसणार. स्नेह्यांना चहा पाजला आणि टायर त्यांच्याच तळघरात राहू दिले.

सुटका झाली ती कागदांतूनच. २००५ पासूनच्या नोंदणीपत्रावर टायरचे एकच माप छापलेले असते, त्यामुळे आपल्याला वाटते की तेवढेच चालते. बाकीची मंजूर मापे सीओसी नावाच्या कागदात असतात. गाडी युरोपच्या नियमांत बसते असा कारखान्याचा तो दाखला. विकणाऱ्याने दिलेल्या फायलीत तो तळाशी होता. (हरवला असेल तर कंपनीकडून पैसे भरून मिळतो.) त्यात दोन इंच लहान रिमचे एक साधे माप होते! लोखंडी रिमसकट चार विंटर टायर पाच दिवसांत मिळाले. हवेचा दाब मोजणारे सेन्सर प्रत्येक चाकात असतील तर दुसऱ्या संचालाही ते लागतात, तो खर्च आधी विचारून घ्या. सगळे मिळून ७२० युरो झाले. मूळ मापाचे नुसते चार टायरच ९०० च्या वर जात होते, आणि तेही डिसेंबरात. मात्र मोठ्या ब्रेकमुळे काही गाड्यांना लहान रिम बसत नाही. तिथे हा उपाय नाही.

फुटलेल्या समर टायरचा जोडीदार अर्धा झिजलेला होता, म्हणून मार्चमध्ये त्या अॅक्सलचे दोन्ही बदलले: ४३० युरो. त्याच महिन्यात शेजाऱ्यांना साध्या मापाचे दोन टायर २०० च्या आत पडले.

विंटर टायरची सक्ती जर्मनीत तारखेने नाही, रस्त्याच्या स्थितीने आहे. बर्फ, चिखलबर्फ वा निसरडे असताना योग्य टायर नसतील तर निदान ६० युरो दंड आणि एक पॉइंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसती एम+एस ही अक्षरे पुरत नाहीत. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण हे चिन्ह हवे, ऑल सीझन टायरवरही. नक्षीची कायदेशीर खोली १.६ मिमी, पण हिवाळ्यात ४ मिमीखाली जाऊ नये असे मोटार क्लब एडीएसी सांगतो. कमी खपाचा टायर गोदामात पडून असू शकतो, म्हणून बाजूवरचे चार आकडे पाहा: ३४२२ म्हणजे २०२२ सालचा चौतिसावा आठवडा.

गाडी पाहायला जाल तेव्हा टायरवरचे पूर्ण माप लिहून आणा आणि घरी त्याच रात्री भाव काढा, समरचा आणि विंटरचा वेगवेगळा. किती कंपन्या ते बनवतात ते मोजा. दोन-तीनच निघाल्या तर विकणाऱ्याकडे सीओसीची प्रत मागा, आणि विंटरचा संच किमतीत घालून द्या म्हणून घासाघीस करा. लीजवर असेल तर परत देताना टायर कोणते आणि किती नक्षीचे हवेत ते करारात वाचा.

आमची सीओसी आता पासपोर्टच्या फायलीत आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला कोणाला आपला आकडा वाचून घ्यायचा असेल तर फराळाआधी पार्किंगमध्ये भेटू. टॉर्च मी आणतो.