घोळणा फुटला तर

मूल शाळेतून घरी येते, सदरा रक्ताने माखलेला असतो आणि घरात एकच धांदल उडते. कोणी त्यास उताणे निजवतो, कोणी डोक्यावर गार पाणी ओततो, कोणी कांदा फोडून हुंगावयास देतो. आम्हीही लहानपणी हे सारे सोसले आहे. यांपैकी उताणे निजवणे मात्र अपायकारक होय. त्याने रक्त थांबत नाही, घशात उतरते. नाकातून दिसेनासे झाले म्हणून आईस हायसे वाटते आणि घटकाभराने मूल काळसर रक्ताची उलटी करते!

दोन नाकपुड्यांमधील पडद्याच्या पुढच्या भागात, बोट सहज पोहोचेल अशा जागी, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. जेम्स लिट्ल या अमेरिकन शल्यवैद्याने १८७९ साली या जागेचे वर्णन केले. मुलांचा घोळणा बहुधा येथेच फुटतो, म्हणूनच तो दाबून थांबवता येतो. मुलास बसवून किंचित पुढे वाकवावे, हाडाखालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरावा, तोंडाने श्वास घेऊ द्यावा आणि घड्याळाकडे पाहून पूर्ण १० मिनिटे चिमटी सोडू नये. ‘थांबले का पाहू’ म्हणून मध्येच हात काढला की धरू लागलेली गुठळी निसटते. न थांबल्यास आणखी १० मिनिटे धरावे. तोंडात आलेले रक्त थुंकू द्यावे. कांद्याने बिघडत काही नाही. पण तो शोधण्यात ही मोलाची मिनिटे जातात.

वारंवार फुटणाऱ्या घोळण्यास आपण ‘उष्णता’ म्हणतो व गुलकंद देतो. गुलकंद खुशाल द्यावा. परंतु दोष बहुधा कोरड्या हवेचा, सर्दीचा आणि मुलाच्या बोटाचा असतो. आमच्या माळव्यात थंडीतही हवा कोरडी आणि उन्हाळ्यातही. नाकात खपली धरते, ती खाजते, मूल ती काढते आणि तीच जखम पुन्हा वाहते. तेव्हा नखे कापावीत आणि डॉक्टरांनी दिलेले जंतुनाशक मलम ते सांगतील तितके दिवस, बहुधा चार आठवडे, नेमाने लावावे. दोन दिवस रक्त आले नाही की आपण ते विसरतो, तेथेच फसतो. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर जागा बधिर करून फुटणारी रक्तवाहिनी सिल्व्हर नायट्रेटने डागतात. दोन्ही बाजू एकाच वेळी डागत नाहीत, कारण पडद्यास भोक पडण्याचा धोका असतो.

दोनदा दाबूनही रक्त न थांबल्यास, मूल पांढरेफटक पडल्यास, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग वा हिरड्यांतून रक्त दिसल्यास, घराण्यात रक्तस्रावाचा विकार असल्यास किंवा मूल दोन वर्षांच्या आतील असल्यास घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. वयात येणाऱ्या मुलाची एकच नाकपुडी सतत चोंदून तिच्यातून रक्त येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी शेंबूड येत असेल तर आत बहुधा हरभरा नाहीतर मणी अडकलेला असतो. तो घरी चिमट्याने काढू पाहू नये. घड्याळाचा चपटा सेल नाकात गेल्याची नुसती शंका आली तरी तत्काळ इस्पितळ गाठावे, कारण काही तासांतच तो नाकाचा पडदा आतून भाजून काढतो.