रात्रीची वीज आणि तुटलेली झोप

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात झोपेला रकाना नाही. तिला बाजारभाव नाही, आणि तिच्यासाठी हमीभाव मागणारा मोर्चाही कधी निघालेला नाही. अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून तिचा उल्लेख क्वचितच आढळतो, याचे कारण बहुधा हेच असावे. परंतु धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात, बालाघाटच्या रांगांमधील एखाद्या गावी, रब्बीच्या हंगामात मध्यरात्रीच्या सुमारास कोणी उभा राहिला, तर झोप ही किती मोलाची वस्तू आहे आणि ती किती स्वस्तात काढून घेतली जाते, याचा प्रत्यय त्याला आल्यावाचून राहणार नाही. एकेका घराचे दार उघडते, डोक्याला मफलर गुंडाळलेला माणूस हातात बॅटरी आणि काठी घेऊन रानाची वाट धरतो. थ्री फेजची वीज आलेली असते.

कृषिपंपांना दिवसाचे चोवीस तास वीज मिळत नाही, हे सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रात ती साधारणपणे आठ तास, आणि तीही पाळीने मिळत आली आहे. आठवड्याचे काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी जेवून आठ-साडेआठला अंग टाकतो, मध्यरात्रीच्या आगेमागे उठतो, मोटार सुरू करतो आणि ज्वारीत, हरभऱ्यात किंवा उसात दारे धरतो. एक सारा भरेपर्यंत बांधावर घोंगडी पांघरून बसल्याबसल्या डुलकी घ्यावयाची, पाणी फुटण्याच्या आत जागे व्हावयाचे, दार मोडून दुसऱ्या वाफ्यात पाणी सोडावयाचे, पुन्हा डुलकी. पहाटे घरी यावे तर पाचच्या ठोक्याला गोठा वाट पाहत असतो. भूम हा दुधाचा आणि खव्याचा तालुका आहे. कुंथलगिरीच्या पेढ्याचे नाव ज्याने ऐकले नाही असा माणूस त्या भागात मिळणे कठीण. दूध नासके असते, ते वेळ पाहत नाही. धार काढून ते संकलन केंद्रावर अथवा भट्टीवर वेळेत पोचलेच पाहिजे. एवढे सारे उरकल्यावर दुपारी लिंबाच्या सावलीत तासभर डोळा लागला तर लागला. म्हणजे चोवीस तासांत एकूण झोप पाच तासांची, आणि तीही चार तुकड्यांत.

गंमत अशी की, नेमक्या याच प्रकाराला अलीकडे सुशिक्षितांच्या जगात प्रतिष्ठा लाभली आहे. सलग झोपेत आयुष्याचा तिसरा हिस्सा वाया जातो. तेव्हा दर चार तासांनी वीस-वीस मिनिटांच्या सहा डुलक्या घेऊन दोन तासांत काम भागवावे, असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकांत तो आवडीने ऐकला जातो. या संप्रदायाचे एक आद्य पुरुष म्हणजे अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ बकमिन्स्टर फुलर. दर सहा तासांनी अर्धा तास झोपण्याचा प्रयोग आपण दोन वर्षे केला, असे त्यांनी सांगितल्याचे वृत्त १९४३ साली ‘टाइम’ साप्ताहिकात आले होते. प्रयोग सोडण्याचे कारण मात्र मजेदार होते. त्यांचे व्यवसायातील सहकारी इतर माणसांसारखे झोपत! झोप ही व्यक्तीची खाजगी बाब दिसली तरी ती एक सामाजिक व्यवस्था आहे, हे फुलरना अशा रीतीने उमगले. भूमच्या शेतकऱ्याला ते प्रयोगावाचूनच ठाऊक आहे. शाळा, बँक, तहसील कचेरी, सोयरिक यांपैकी काहीही त्याच्या रात्रपाळीसाठी थांबत नाही.

शास्त्राचा कौल या बाबतीत बराच स्पष्ट आहे. आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडल्याप्रमाणे झोपेचे नियमन दोन शक्ती करतात. एक म्हणजे जागरणाच्या तासांबरोबर साचत जाणारी झोपेची ओढ आणि दुसरी शरीरातील घड्याळ, जे सूर्यप्रकाशाशी आपला काटा जुळवून घेते. पहिली शक्ती डुलकीने थोडीफार भागते. दुसरी भागत नाही. गाढ निद्रेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात येतो, तर स्वप्नांची निद्रा पहाटेकडे दाट होत जाते. मध्यरात्री उठणाऱ्याची ही पहाटेची झोप जवळजवळ सगळीच बुडते, आणि दुपारच्या उन्हात ती भरून निघत नाही. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२१ साली सर्व उपलब्ध संशोधन तपासून, झोपेच्या अशा तुकड्यांचा कोणताही लाभ दिसत नाही, उलट प्रकृतीस व कार्यक्षमतेस अपायच संभवतो, असा निर्वाळा दिला. एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्या नाविकांना तुकड्यातुकड्यांनी झोपावे लागते, हे खरे. २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे यांचा मार्गही त्याच प्रकारच्या प्रवासाचा होता. परंतु तो प्रवास स्वेच्छेने पत्करलेला असतो, त्यासाठी तयारी केलेली असते, आणि मुख्य म्हणजे तो संपतो.

मानवी शरीर कोणत्याही वेळापत्रकाला सरावते, ही समजूत किती अपुरी आहे हे नॅथनिएल क्लाइटमन या शास्त्रज्ञाने १९३८ मध्येच दाखवून दिले होते. आपला तरुण सहकारी रिचर्डसन याच्यासह ते केंटकीतील मॅमथ गुहेत महिनाभर राहिले आणि २८ तासांचा ‘दिवस’ पाळू लागले. तरुण रिचर्डसन त्यास बराचसा सरावला. चाळिशी ओलांडलेले क्लाइटमन मात्र अखेरपर्यंत सरावले नाहीत. गुहेत निदान वेळापत्रक एकच होते. भूममध्ये तेही नाही. शरीराचे घड्याळ बदलत्या वेळेशी दिवसाला साधारण एका तासाच्या गतीने जुळते; रात्रपाळीची सवय होऊ लागते न लागते तोच दिवसाची पाळी येते, आणि मग पुन्हा रात्र. कारखान्यातील कामगाराला रात्रपाळीचे नियम असतात, सुट्टी असते, क्वचित भत्ताही असतो. बांधावरच्या माणसाला यांतले काहीच नाही.

आता प्रश्न असा की, ही व्यवस्था आली कोठून? तिच्यामागे कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. कोळशावरील वीजकेंद्र रात्री बंद करून सकाळी चालू करता येत नाही. शहरे झोपली की मागणी घटते, तरी जनित्रे एका किमान पातळीवर चालवावीच लागतात. मागणीच्या आलेखात मध्यरात्रीनंतर पडणारी ही दरी कोणी तरी भरून काढणे आवश्यक होते. कृषिपंपांनी ती भरली. अर्थशास्त्राच्या भाषेत हे साधनसामग्रीचे कार्यक्षम वाटप झाले. फक्त त्या हिशेबात एक खर्च धरला गेला नाही, कारण त्याची पावती फाडली जात नव्हती. शेतीच्या विजेवरील सवलतीबद्दल शहरी वाचक नेहमी रागाने बोलतो; त्या सवलतीच्या बदल्यात शेतकऱ्याने झोपेच्या रूपाने किती परतफेड केली, हे मात्र कोणी विचारीत नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे वीजबिल राज्य शासनाने माफ केले. बिल शून्यावर आले, तरी रात्रीची पाळी होती तेथेच राहिली.

यावर एक तोडगा शेतकऱ्यांनीच काढला होता, तो ऑटोस्विचचा. वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी आणि माणसाने निजावे. पण वीज येताच परिसरातील सगळ्या मोटारी एका क्षणी सुरू होतात, डीपीवर भार पडतो आणि ती जळते. म्हणून ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरणला वारंवार करावे लागले. एकट्याने झोपणे प्रत्येकाच्या फायद्याचे, सर्वांनी झोपणे सर्वांच्या तोट्याचे! शिवाय पाटाने पाणी देणाऱ्याला मोटार आपोआप सुरू होऊन उपयोग काय? दार मोडावयास माणूस हवाच.

अंधारातील जोखीम निराळीच. साप-विंचवाचे भय जुनेच आहे. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालून आलेला एक वाघ धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात दिसला, आणि रात्री पाण्याला जाण्याचा अर्थच आसपासच्या गावांसाठी बदलून गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांनी दिवसा दहा तास विजेच्या मागणीसाठी कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या दिला, तेव्हा ती मागणी पश्चिम महाराष्ट्रातील बागायतदारांची म्हणून पाहिली गेली. वस्तुतः विहिरीत दोन तासांचेच पाणी असलेल्या मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला तिची निकड अधिक होती. कारण ते दोन तास कधी येतील, याची वाट त्याला रात्रभर पाहावी लागते.

ज्यांच्या विहिरीत तेवढेही पाणी नसते, त्यांची झोप आणखी दूर जाऊन मोडते. दिवाळीच्या आसपास बालाघाटच्या पट्ट्यातून कोयत्याच्या जोड्या उचल घेऊन कारखान्यांच्या फडांवर जातात. तेथे दिवस उजाडण्यापूर्वी तोडणी सुरू होते, आणि गाडी रात्री कितीही वाजता आली तरी ती भरून द्यावीच लागते. त्यातही बाई सर्वांच्या आधी उठून भाकरी थापते व सर्वांच्या नंतर पालात पाठ टेकते. पाण्याच्या पाळीचे निदान वेळापत्रक तरी असते.

दिवसा वीज देण्याचा विचार शासनाने केला नाही असे नाही. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, अधिक विस्तृत आवृत्ती निघाली; २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजनाही सुरू आहे. जेथे सौरवाहिनी पोचली तेथे दिवसा पाणी देता येते, ही गोष्ट लहान नाही. परंतु हा बदल शेतकऱ्याच्या झोपेची किंमत कोणी मोजली म्हणून झालेला नाही. सूर्यापासूनची वीज स्वस्त झाली, दुपारी ती मुबलक होऊ लागली आणि आलेखातील दरी रात्रीवरून दुपारकडे सरकली, म्हणून तो शक्य झाला. उद्या साठवणुकीच्या बॅटऱ्या स्वस्त होऊन तो आलेख पुन्हा बदलला, तर पंपांची पाळी कोणत्या प्रहरी लावली जाईल, याचे उत्तर आज कोणत्याही योजनेच्या कागदात लिहिलेले नाही.

तूर्त ज्या गावांत दिवसाची वीज आली आहे, तेथील शेतकरी मध्यरात्री उठत नाही. पाचला मात्र त्याला उठावेच लागते. म्हशीची वेळ बदलत नाही, आणि खव्याच्या भट्टीला सहाच्या आत दूध लागते.