वादकांची मुंबई (लेखांक ७) : काळी दोनमधला माणूस

गेल्या आठवड्यात गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकून मुंबईच्या सिनेमासंगीतात आलेल्या वादकांबद्दल वाचलंत. आजचा वादक गोव्याचा नाही, कोलकात्याचा. ‘गाता रहे मेरा दिल’, ‘रूप तेरा मस्ताना’, ‘बेदर्दी बालमा तुझको’ ही गाणी तुमच्या कानांवरून गेली असतील, तर मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन तुम्ही ऐकलेला आहे. नाव ऐकलं नसेल, तर दोष तुमचा नाही. त्या काळी सिनेमाच्या रेकॉर्डवर गायक, संगीतकार आणि गीतकार छापले जात. वादक नाही.

मनोहारीदांचा जन्म ८ मार्च १९३१चा. घराणं नेपाळी, घरात ब्रास बँडची परंपरा. बाटानगरला बाटा कंपनीचा बँड होता, तिथे त्यांचा हात तयार झाला. पुढे कोलकात्यातच एचएमव्हीच्या वाद्यवृंदात आणि रात्री नाइट क्लबच्या बँडमध्ये ते वाजवू लागले. जॅझ त्यांच्या बोटांत बसला तो याच वर्षांत. १९५८ साली सलील चौधरींच्या आग्रहावरून ते मुंबईला आले आणि इथलेच झाले.

आता थोडं वाद्याविषयी, कारण त्याशिवाय या माणसाची करामत कळणार नाही.

मनोहारीदांचं वाद्य आल्टो सॅक्सोफोन. पेटीच्या भाषेत सांगायचं तर तो काळी दोनचा. वादकाच्या कागदावर ‘सी’ लिहिलेला असतो, त्याची बोटंही ‘सी’चीच असतात, पण कानाला ऐकू येते ती काळी दोन. म्हणून अरेंजर सॅक्सोफोनचा कागद वेगळा, स्वर सरकवून लिहितो. गायकाने पांढरी तीन धरली, की आल्टोवाल्याच्या वाट्याला पाच कोमल खुणांची अडचणीची पट्टी येते. ऐनवेळी गायकाने पट्टी अर्ध्या स्वराने बदलली, तर सगळी बोटं मनातल्या मनात फिरवून घ्यावी लागतात. पेटीवाला हात सरकवून मोकळा होतो. सॅक्सोफोनवाल्याला ती सोय नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. सॅक्सोफोन हे मुळात दणदणीत, बँडमधलं वाद्य. माइकसमोर ते पूर्ण श्वासाने फुंकलं तर गाणाऱ्याचा आवाज झाकून टाकेल. तेव्हा जबडा सैल सोडायचा, रीडवरचा ओठाचा दाब कमी करायचा आणि खालच्या स्वरांत सुराबरोबर थोडी नुसती हवाही जाऊ द्यायची. सूर उघड्या गळ्याचा न राहता कुजबुजल्यासारखा होतो. जॅझवाले याला सबटोन म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण दाब कमी झाला की सूर खाली घसरतो. तो जागेवर ठेवून कुजबुजणं हे वर्षानुवर्षांच्या रियाजाचं काम आहे. त्यात हिंदी गाण्याला मींड हवी. तीही बोटांइतकीच ओठांनी काढायची.

आणि हे सगळं एका दमात. साठच्या दशकात गायक, व्हायोलिनची रांग, तालवादक, सगळ्यांचं ध्वनिमुद्रण एकदम होई. कुणाचाही एक सूर चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून. जॅझच्या मैफलीत तीच ओळ रोज वेगळी वाजवली तर वाहवा मिळते. स्टुडिओत एकदा पसंत पडलेला पीस पाचव्या टेकलाही तसाच्या तसा यावा लागतो, आणि तरीही तो आत्ताच सुचल्यासारखा वाटला पाहिजे. मला स्वतःला ही दुसरी परीक्षा अधिक कठीण वाटते. ‘सिनेमात गेला आणि जॅझ वाया गेला’ असं अशा वादकांबद्दल बोललं जातं, ते मला मुळीच पटत नाही.

त्यांचा जॅझ मोकळेपणाने ऐकायचा असेल तर शंकर-जयकिशन यांची १९६८ची ‘रागा-जॅझ स्टाइल’ ही रेकॉर्ड शोधा. अकरा राग, रईस खाँ यांची सतार आणि मनोहारीदांचा सॅक्सोफोन. इथे गायक नाहीच. त्यामुळे तीन-चार मात्रांच्या जागेत स्वतःला आवरून घेणारा माणूस ऐसपैस बसलेला ऐकू येतो.

पुढची कित्येक वर्षं ते राहुल देव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या चमूचा कणा होते. बासू चक्रवर्ती, आपले मारुतीराव कीर आणि मनोहारीदा, ही पंचमची विश्वासाची माणसं. वाजवण्याबरोबर मनोहारीदा संगीत-संयोजनही करत, बासरी आणि मेंडोलिनही हाताळत. बासू-मनोहारी या नावाने दोघांनी ‘सबसे बडा रुपैया’ला (१९७६) स्वतंत्र संगीत दिलं. पण जोडीचं नाव संगीतकार म्हणून फार पुढे गेलं नाही. १३ जुलै २०१० रोजी मुंबईत मनोहारीदांचं निधन झालं. गाणी आजही रोज वाजतात. वादकाला मात्र पैसे मिळत ते रेकॉर्डिंगच्या दिवसापुरते. गाणं पुढे कितीही चाललं तरी त्यात त्याचा वाटा नसे.

वाचकहो, एक विनंती. ‘कश्मीर की कली’तलं ‘है दुनिया उसी की’ आज रात्री दिवे मालवून ऐका. रफीसाहेबांचे शब्द या एका वेळेपुरते बाजूला ठेवा आणि दोन ओळींच्या मधे कोण बोलतंय तिकडे कान द्या. शेजारी मुलं बसली असतील तर त्यांना त्या माणसाचं नाव सांगा.

(पुढील लेखांकात : मारुतीराव कीर)