काळ्या मातीला हवे मुरलेले खत

पावसाळ्यात चपलेला गोळ्यागोळ्यांनी चिकटणारी आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी चिकण माती दख्खनच्या पठारावर अनेकांच्या परसबागेत असते. तिच्यात लावलेली रोपे पिवळी पडतात, मुळे कुजतात. मग मातीच वाईट ठरवून लाल माती विकत आणली जाते. प्रत्यक्षात बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असते. उणीव असते ती हवेची, नत्राची आणि सेंद्रिय पदार्थांची.

चिकण मातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. असे कण घट्ट बसले की पाण्याचा निचरा होत नाही आणि मुळांना प्राणवायू मिळत नाही. थोडीशी वाळू मिसळून फारसे साधत नाही. शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत घातले, की मात्र जिवाणू त्यापासून डिंकासारखे चिकट पदार्थ बनवतात, बुरशीचे तंतू कण बांधून ठेवतात आणि गांडुळे माती पोखरतात. माती रवाळ होते, तिच्यात हवा आणि पाणी खेळू लागते.

वाफ्यावर दोन ते तीन इंच खत पसरून वरच्या अर्ध्या फुटात मिसळावे, तेही वाफसा आल्यावरच. मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोटाने टोचताच फुटला, तर वाफसा आला असे समजावे. चिखलात कुदळ चालवली तर वाळल्यावर दगडासारखी ढेकळे होतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ लवकर संपतात, म्हणून खत दरवर्षी घालावे लागते.

हे खत पूर्ण कुजलेले हवे. भुसा किंवा वाळका पाला तसाच मिसळला, तर तो कुजवताना जिवाणू मातीतला नत्र वापरतात आणि रोपे उपाशी राहतात. ताज्या शेणातून पालेभाज्यांवर रोगजंतू येऊ शकतात. खताचा ढीग वरखाली करत ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान काही दिवस राखले, तर बहुतेक रोगजंतू आणि जंतांची अंडी मरतात. मुरलेल्या खताला शेणाचा नव्हे, मातीचा वास येतो.

धनुर्वाताच्या जिवाणूंचे चिवट बीजाणू मात्र या उष्णतेतही टिकतात आणि मातीत वर्षानुवर्षे राहतात. घरची बाग सांभाळणाऱ्यांत निवृत्त मंडळी बरीच असतात. लहानपणी लस घेतली होती का, हे त्यांच्यापैकी अनेकांना आठवतही नाही. लहानपणी घेतलेली लस आयुष्यभर पुरत नाही. साधारणपणे दर १० वर्षांनी बूस्टर मात्रा घ्यावी लागते. बागेत पायात बूट आणि हातात मोजे असावेत. कोरड्या खताचे पोते उघडताना पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ छातीत जात नाही. काटा किंवा खुरपे लागले, तर जखम लगेच साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. जखम लहान आहे म्हणून थांबू नये.