आधी बाहुल्यावर, मग माणसावर

मूल जन्मलं आणि रडलंच नाही, तर समोरच्या डॉक्टरकडे किंवा नर्सकडे जेमतेम एक मिनिट असतं. बाळाला कोरडं करायचं, पाठ चोळायची, गरज असेल तर तोंड-नाक साफ करायचं, मान सरळ ठेवायची. तरीही श्वास आला नाही, तर अंबू बॅगचा मास्क इवल्याशा चेहऱ्यावर घट्ट बसवून मिनिटाला ४० ते ६० या गतीने हवा द्यायची. पुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात मावतं. हातात मुरायला मात्र वेळ लागतो. मास्क एका कडेने जरासा उचलला गेला, की हवा गालावरून निसटते, छाती हलत नाही आणि आपण हवा देतोय या समजुतीत मिनिट संपून जातं.

प्रवरेच्या कालव्यांवर पोसलेल्या श्रीरामपूरच्या उसाच्या पट्ट्यात अशी वेळ कधीही येते. गळिताच्या हंगामात कारखान्यांच्या आसपास ऊसतोड कामगारांचे तळ पडतात. दिवस भरत आलेल्या बायकाही फडात मोळ्या उचलत असतात. कळा सुरू होतात तेव्हा जवळचं ठिकाण म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथे असतो नुकता एमबीबीएस झालेला, बाँडचं वर्ष पुरं करणारा एखादा डॉक्टर. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात त्याच वयाच्या रेसिडेंटचा हात अडला, तर हाकेच्या अंतरावर सीनियर असतो. इथे रात्री दोन वाजता तो आणि नर्स, दोघंच. म्हणून माणसाला हात लावण्याआधी बाहुल्यावर सराव करण्याची गरज महानगरापेक्षा श्रीरामपूरसारख्या भागाला जास्त आहे, असं मला ठामपणे वाटतं.

हा सराव जिथे व्हायला हवा अशी जागा लांब नाही. श्रीरामपूरहून बाभळेश्वरमार्गे निघालं की थोड्याच वेळात लोणी येतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने ज्या परिसरात सहकारी साखर कारखाना उभा केला, तिथेच १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पुढे २००३ मध्ये प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. उसाच्या शेतांमध्ये डॉक्टर घडवायचे, हा तेव्हा धाडसाचाच विचार होता.

देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना आता नियमानेच एक जागा राखावी लागते : स्किल लॅब. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम सक्षमतेवर आधारलेला झाला. विद्यार्थ्याला काय माहीत आहे याच्या जोडीला त्याला काय करता येतं हेही तपासायचं ठरलं. २०२० च्या नियमांनी दीडशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला किमान ६०० चौरस मीटरची स्किल लॅब बंधनकारक केली. शिकवण्याचा क्रमही ठरला : आधी दाखवायचं, मग निरखू द्यायचं, मग मदतीला घ्यायचं आणि शेवटी करू द्यायचं.

अशा लॅबमध्ये काय असतं? एक रबरी हात असतो. त्याच्या शिरांतून लाल पाणी खेळतं, सुई नीट शिरली की ते मागे येतं. सलाईन लावायला शिकणारा विद्यार्थी तो हात पुन्हा पुन्हा टोचतो आणि हात ओरडत नाही. श्वासनलिकेत ट्यूब टाकायला मान-डोकं असतं. लॅरिंगोस्कोपचा दाब वरच्या दातांवर पडला की काही डोकी ‘टक्’ असा आवाज करतात. ज्याने तो आवाज ऐकलाय, तो खऱ्या म्हाताऱ्याचे हलणारे दात सांभाळायला शिकतो. टाके घालायला स्पंज, फोम, कधी बकऱ्याचं कातडं. हृदय बंद पडलेल्या माणसासाठी छातीचा मॅनिकिन : दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पहिल्यांदा करणारे बहुतेकजण हलकेच दाबतात. बरगडी मोडेल अशी भीती असते. ती भीती जिवंत माणसासमोर उभं राहण्याआधी जायला हवी.

हे सगळं पाश्चात्त्यांकडून आलं, असं समजण्याचं कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय आहे, ‘योग्यासूत्रीय’. योग्या म्हणजे कर्माभ्यास, सराव. छेद घ्यायला कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड आणि काकडी. भेदनाच्या सरावाला पाण्याने आणि चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्या. खरवडायला केसाळ कातडं. शीर वेधायला मेलेल्या जनावराच्या शिरा किंवा कमळाचे देठ. शलाका फिरवून जखमेचा माग काढायला किडीने पोखरलेलं लाकूड आणि बांबूची नळी. काढून टाकण्याच्या क्रियेला फणसाचा, बेलाचा गर आणि मृत जनावरांचे दात. शिवणकामाला कापड आणि मऊ कातडं. पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचा बाहुला. ही यादी मला विलक्षण वाटते, कारण प्रत्येक क्रियेसाठी वस्तू निवडताना हाताला काय जाणवायला हवं याचा विचार केलेला आहे. कमळाचा देठ शिरेसारखा दिसत नाही. सुईखाली तो शिरेसारखा लागतो. पुष्कळ ऐकलेला पण सराव न केलेला वैद्य कामाला अयोग्यच, असं हा अध्याय बजावतो. आज लाखो रुपयांचं यंत्र घ्यायचं की दोन किलो भोपळा, या प्रश्नाचं उत्तर देताना हाताला काय जाणवतं हा निकष विसरला जातो.

युरोपात अठराव्या शतकात मादाम द्यू कूद्रे या सुईणीने कापड आणि चामड्याचं प्रसूतीचं यंत्र शिवलं. १७५९ मध्ये राजाची सनद मिळाल्यावर ती फ्रान्समधल्या गावोगावी फिरली आणि हजारो बायकांना तिने बाळंतपण शिकवलं. १९६० मध्ये नॉर्वेतल्या आसमुंड लेर्दाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘अ‍ॅन’ ही बाहुली घडवली. खेळण्यांसाठी मऊ प्लॅस्टिक घडवण्याचं त्याचं कसब जीव वाचवायच्या कामी आलं.

सरावाचा प्रश्न सर्वांत टोकदार झाला तो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि भारतात या शस्त्रक्रियेचं पर्व सुरू झालं. ही पद्धत खेड्यातल्या गरीब रुग्णापर्यंत पोहोचली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. कष्टकऱ्याला लवकर कामावर परतता येणं हा त्यातला मोठा फायदा. पण या शस्त्रक्रियेत डोळा आणि हात यांची फारकत होते. पडद्यावरचं चित्र सपाट असतं, खोली कळत नाही. अवजार पोटाच्या भिंतीतल्या छिद्रावर टेकून फिरतं, त्यामुळे मूठ डावीकडे नेली की टोक उजवीकडे जातं. मेंदूला हे उलटं गणित पचायला वेळ लागतो. तो वेळ रुग्णाच्या पोटात घालवावा का?

म्हणून ट्रेनर बॉक्स आला. बंद पेटी, वरून दोन छिद्रं, आत कॅमेरा. सहा रबरी वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेत खुंट्यांवर बदलायच्या. कापडावरचं वर्तुळ रेघ न सोडता कापायचं. आतल्या आत गाठ मारायची. पुठ्ठ्याचं खोकं आणि मोबाईलचा कॅमेरा एवढ्यावरही तो घरी बनतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सोळा रेसिडेंट डॉक्टरांचे दोन गट करून प्रयोग झाला. पेटीऐवजी संगणकाच्या आभासी यंत्रावर सराव केलेल्यांनी पित्ताशय २९ टक्के कमी वेळात सोडवलं. न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे डाग बसण्याची शक्यता पाचपट होती.

शिकवणं झालं, पारखायचं कसं? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लाँग केस, शॉर्ट केस आणि व्हायवा चालत आले. एकाच्या नशिबी सोपा रुग्ण, दुसऱ्याच्या नशिबी चिडलेला परीक्षक. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये यावर तोडगा मांडला : स्टेशनांची रांग, ठरलेला वेळ, सर्वांना तेच काम, तीच तपासणी-यादी. आता वैद्यकीय विद्यार्थी या परीक्षेला ‘ऑस्की’ म्हणून ओळखतात. शल्यकर्मासाठी टोरांटोच्या मंडळींनी १९९०च्या दशकात वेगळी मोजपट्टी केली. तिच्यात पायऱ्या पाळल्या का, एवढंच बघत नाहीत. ऊतींशी हात किती हळुवार आहे, हालचाली वाया जातात का, अवजारं कशी धरली, सहायकाचा उपयोग करून घेतला का, कामाला ओघ आहे का, हेही गुणांत येतं.

हाताला गुण देणं काहींना पोरकटपणा वाटतो. त्यांनी मिशिगनचा अभ्यास पाहावा. तिथल्या वीस सर्जननी स्थूलतेच्या शस्त्रक्रियेचे आपापले व्हिडिओ दिले, इतर सर्जननी नाव न कळता त्यांना गुण दिले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांत कमी गुणांच्या गटातल्या रुग्णांपैकी १४.५ टक्क्यांना गुंतागुंत झाली, सर्वांत जास्त गुणांच्या गटात ५.२ टक्क्यांना. हे सगळे पदवीधर, अनुभवी लोक होते. पदवीने न दिसलेला फरक एका व्हिडिओने दाखवला.

म्हणूनच लॉगबुकमधल्या सहीवर माझा भरवसा नाही. ‘केलं’ या रकान्यापुढे सही असते. कसं केलं, कुठे हात थरथरला, काय सुधारायचं, हे तिच्यात नसतं. स्किल लॅबची सर्वांत महाग वस्तू मॅनिकिन नाही. यादी हातात धरून शेजारी उभा राहणारा, चूक तिथल्या तिथे दाखवणारा आणि पुन्हा करायला लावणारा शिक्षक ही ती वस्तू, आणि त्याचा वेळ कुठल्याच खरेदीच्या यादीत येत नाही. बाहुल्याला खरा रक्तस्राव होत नाही, त्याचे नातेवाईक दाराबाहेर ओरडत नाहीत, हेही खरं. पण हात तयार असला तर त्या गोंधळात डोकं मोकळं राहतं.

आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून पुन्हा पुन्हा शिकवण्याचं हे काम करून दाखवलं. अक्षरओळख नसलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या. एकदाच शिकवून त्यांना गावी धाडलं नाही. त्या पुन्हा पुन्हा केंद्रावर येत, अनुभव सांगत, उजळणी करत. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नेमकं हेच टांझानियातल्या हायडम या ग्रामीण रुग्णालयात आकड्यांनिशी दिसलं. नवजात बाळाला श्वास देण्याचं एक दिवसाचं प्रशिक्षण तिथे झालं. बाहुल्यावरची कामगिरी सुधारली, पण लेबर रूममधल्या वागण्यात फरक पडला नाही. मग पाण्याने भरलेला बाळ-मॅनिकिन लेबर रूममध्येच ठेवला. दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटं सराव, महिन्यातून एकदा चाळीस मिनिटांची उजळणी. जन्मल्यावर चोवीस तासांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आलं.

श्रीरामपूर तालुक्यातल्या प्रत्येक बाळंतपणाच्या खोलीत असा एक बाळ-मॅनिकिन ठेवता येईल. लोणीहून महिन्याला एक शिक्षक येऊ शकेल. सोमवारी ड्यूटी बदलताना पाच मिनिटं नर्स आणि डॉक्टर दोघांनीही मास्क बसवून दाखवायचा, एकाने दुसऱ्याला गुण द्यायचे. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. उजळणी त्याआधी व्हायला हवी.