मोटारीला वीज पायरीपायरीने

बॉयलरवरचा मोठा आय.डी. फॅन आपण पाहिला असेल. वारा कमी करायचा तर पूर्वी डँपर आवळत; मोटार मात्र पूर्ण वेगानेच पळे. विहिरीवरचे इंजिन पूर्ण सोडायचे आणि व्हॉल्व्ह दाबून धरायचा, त्यातलाच हा प्रकार! तोच पंखा ८० टक्के वेगाने फिरवला तर त्याला लागणारी ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. हा वेग बदलण्याचे काम इन्व्हर्टर करतो. सहवीजनिर्मिती असलेल्या कारखान्यात वाचलेली वीज विकता येते, म्हणून हा विषय केवळ इंजिनिअर मंडळींचा नाही.

इन्व्हर्टर डी.सी. वीज भराभर चालू-बंद करून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची ए.सी. बनवतो. साध्या इन्व्हर्टरला दोनच जागा, माळा नाहीतर जमीन. दर वेळी पूर्ण दाबाची उडी! या उड्यांनी मोटारीच्या वाइंडिंगचे इन्सुलेशन खचते, बेअरिंग खराब होतात. शिवाय चालूचा बंद होताना आणि बंदचा चालू होताना स्विच तापतो, ती वीज वायाच.

नाबाए, ताकाहाशी आणि आकागी या जपानी संशोधकांनी १९८१ साली मधली पायरी असलेली रचना प्रसिद्ध केली. डी.सी. दाब दोन कपॅसिटरांत वाटायचा आणि मधला बिंदू डायोडांनी जोडायचा. आता प्रत्येक स्विचवर निम्माच दाब, उडीही निम्मी. पुढे छोटे-छोटे इन्व्हर्टर एकामागे एक जोडून पायऱ्या आणखी वाढवल्या गेल्या.

पण पायऱ्या वाढवल्या की झाले, असे नव्हे. दोन कपॅसिटर बैलजोडीसारखे; एकावर ओझे जास्त पडले की मधला बिंदू सरकतो, त्याला सतत सांभाळावे लागते. आतले आणि बाहेरचे स्विच सारखे तापत नाहीत. करंटच्या वाटेत स्विच वाढले की तिथेही थोडी वीज जाते. म्हणून ४१५ व्होल्टच्या लहान मोटारीला बहुधा साधा इन्व्हर्टर पुरतो. ३३०० व्होल्ट आणि वर मात्र पायऱ्यांचाच घ्यावा, असे आमचे मत.

१००० किलोवॅटवर एक टक्का तूट म्हणजे तासाला १० युनिट. हंगाम १५० दिवस धरला तर ३६,००० युनिट झाले! तेव्हा विक्रेता ९८ टक्के कार्यक्षमता सांगू लागला की विचारावे: ती पूर्ण भाराची की निम्म्या? ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेल थंड ठेवणारे ए.सी. यंत्र त्यात धरले आहे का? उत्तर टेंडरमध्ये लेखी मागावे.